घाट आखणारे बर्कले साहेब

स्मरणिका समितीने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा बऱ्याच सभासदांना वाटले असणार की मी ठेवींच्या व्याजदरांवर नाहीतर वारसनोंदणीवर लिहीन. त्या दोन्ही विषयांवर मी आपल्या वार्षिक सभांमध्ये पुरेसे बोललो आहे आणि मंडळींनी सहनही केले आहे. म्हणून या वेळी विषय बदलतो. रेल्वेच्या एका इंजिनियरबद्दल लिहितो. यवतमाळच्या माणसाने रेल्वेवर लिहावे याचे काही जणांना हसू येईल. शकुंतला बंद पडली, आणि वर्ध्याहून निघालेली मोठी गाडी कळंबपर्यंत येऊन ठेपली तरी आपल्या गावात पोचायची आहे. पण रेल्वेची वाट पाहण्याचा अनुभव आपल्याइतका कोणाला आहे? तेव्हा रेल्वे आणायला काय लागते, हे समजून घेण्याचा पहिला हक्क आपलाच, असे मी धरून चालतो.

नोकरीत असताना बैठकांसाठी आणि प्रशिक्षणासाठी मला मुंबईला बऱ्याच वेळा जावे लागले. यवतमाळहून एस.टी.ने धामणगाव आणि तिथून विदर्भ एक्सप्रेस, हा आपला सगळ्यांचाच ठरलेला मार्ग. परतीच्या प्रवासात कसाऱ्याला गाडी थांबते आणि मागून जास्तीची इंजिने लागतात. ती गाडीला ढकलत इगतपुरीपर्यंत घाट चढवतात. अशा इंजिनाला रेल्वेची माणसे बँकर म्हणतात हे मला एका सहप्रवाशाने सांगितले, तेव्हा डब्यातल्या आम्हा तीन-चार बँकवाल्यांची चांगलीच करमणूक झाली होती. हा घाट मुळात आखला कोणी, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला. निवृत्तीनंतर सवड मिळाली आणि मिळेल ते वाचत गेलो. जे नाव सापडले ते होते जेम्स जॉन बर्कले.

मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे आपल्या नातवंडांनाही शाळेत शिकवतात. जगन्नाथ शंकरशेट म्हणजे नानांचे नाव आपल्याला ठाऊक असते, आणि ते असायलाच हवे. पण ती लाईन प्रत्यक्ष कागदावर आणि जमिनीवर आणणारे मुख्य इंजिनियर कोण, असे विचारले तर शंभरातला एकही सांगू शकणार नाही.

बर्कले यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनच्या उत्तरेकडील हॉलोवे या भागात झाला. शिक्षण लंडनच्या किंग्ज कॉलेजात. त्या काळी इंजिनियर होण्यासाठी आजच्यासारखी चार वर्षांची पदवी नव्हती. एखाद्या अनुभवी इंजिनियरच्या हाताखाली उमेदवारी करायची आणि काम करत करत शिकायचे, अशी रीत होती. बर्कले यांना पुढे रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली काम करायला मिळाले. वाफेच्या इंजिनाचे नाव ज्यांच्याशी जोडले जाते त्या जॉर्ज स्टीफन्सन यांचे हे चिरंजीव, आणि स्वतःही आपल्या काळातले फार मोठे रेल्वे इंजिनियर. इंग्लंडात तेव्हा रेल्वेचे पेव फुटले होते. बर्कले यांनी चर्नेट आणि ट्रेंट व्हॅली या मार्गांवर काम केले आणि गुरूचा विश्वास मिळवला.

१८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपली जी.आय.पी., हिचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. कंपनीला भारतात राहून काम पाहणारा मुख्य इंजिनियर हवा होता. स्टीफन्सन यांनी बर्कले यांचे नाव सुचवले. १८५० च्या फेब्रुवारीत ते मुंबईत उतरले तेव्हा वय अवघे ३० वर्षे. माझ्या वेळी ३० व्या वर्षी माणसाला एखाद्या छोट्या शाखेचा कारभार मिळाला तरी घरचे पेढे वाटायचे. यांच्या हाती अशा देशातल्या रेल्वेचे काम आले, जिथे रेल्वेचा एक मैलही नव्हता, रूळ-इंजिने लांबच्या समुद्रप्रवासाने यायची, आणि पावसाळ्याचे चार महिने काम जवळपास ठप्प व्हायचे.

बँकेतल्या माणसाला राहवत नाही, म्हणून त्या करारातले एक कलम इथे सांगतोच. भागधारकांच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची सरकारी हमी होती. रेल्वेने तेवढे कमावले नाही तर उरलेली रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून द्यायची. जमीन सरकारने ९९ वर्षांसाठी फुकट द्यायची. आता सरकारची तिजोरी म्हणजे कोणाची? इथल्या रयतेच्या सारावसुलीची. बँकेत आम्ही जामीनदाराची सही घेतल्याशिवाय कर्जाचा कागद पुढे सरकवत नसू. इथे जामीनदार होता भारतातला शेतकरी. त्याची सही तर सोडाच, त्याला कोणी विचारलेही नव्हते. या हमीवर पुढे आपल्या देशातल्या अर्थशास्त्राच्या जाणकारांनी सडकून टीका केली, ती योग्यच होती. नफा ठरलेला असला की खर्चाचा हात सैल सुटतो, हे कर्जवाटप केलेल्या कोणाही माणसाला पटेल.

हे सगळे बर्कले यांनी ठरवले नव्हते. करार झाल्यावर ते आले. त्यांच्यापुढे प्रश्न जमिनीचा होता.

३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ कामाची पहिली कुदळ पडली. पहिल्या टप्प्याचा ठेका फॅव्हिएल आणि फाउलर यांच्याकडे होता. अडीच वर्षांत मुंबई ते ठाणे ही २१ मैलांची, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटरची लाईन तयार झाली. उद्घाटनाच्या दिवशी १४ डबे, ४०० च्या आसपास पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिने, एवढा थाट होता. तोफांची सलामीही झाली. रस्ता बहुतेक सपाट असला तरी भरावाची आणि दलदलीची जागा कमी नव्हती. पुढच्या वर्षी, १ मे १८५४ रोजी, ठाण्याची खाडी ओलांडून आणि पारसिकच्या डोंगरातून बोगदे काढून गाडी कल्याणला पोचली. या टप्प्यात जमशेटजी दोराबजी या पारशी ठेकेदारानेही मोठे काम घेतले आणि निभावले. कोण कुठला, कधी रेल्वे न पाहिलेला माणूस, पण काम चोख. इथल्या ठेकेदारांना कामे देता येतात हे त्यावरून कंपनीला दिसून आले, आणि पुढेही जमशेटजींकडे जी.आय.पी.ची कामे जात राहिली.

कल्याणला आल्यावर मात्र समोर सह्याद्री उभा राहिला. कोकणातून देशावर जायचे म्हणजे घाट चढणे आलेच. बैल चढतो, घोडा चढतो, पालखीचे भोई चढतात. रेल्वेचे तसे नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालते, म्हणून सपाटीवर ते कमी ताकदीत खूप ओझे ओढते. तोच गुळगुळीतपणा चढावर उलटतो. चढ थोडा जास्त झाला की चाक जागच्या जागी फिरते आणि गाडी पुढे सरकत नाही. म्हणून रेल्वेसाठी चढ अगदी जपून, लांबवर पसरून घ्यावा लागतो. सह्याद्री तर भिंतीसारखा उभा.

सुरुवातीच्या योजनांमध्ये माळशेज घाटाचा विचार होता. बर्कले आणि त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी डोंगर अक्षरशः पायाखाली घातला. आज उपग्रहाने काढलेले नकाशे आपल्याला मोबाईलवर मिळतात. तेव्हा दुर्बीण, साखळी आणि पातळी मोजायचे यंत्र खांद्यावर घेऊन, रान तोडत, कड्याच्या कडेने माणसे सरकत होती. शेवटी दोन घाट ठरले. पुण्याकडे आणि पुढे दक्षिणेला जाण्यासाठी भोर घाट. नाशिक, खानदेश, वऱ्हाड आणि उत्तरेकडे जाण्यासाठी थळ घाट, ज्याला आपण कसारा घाट म्हणतो. आपला रस्ता हा दुसरा. नागपूरकडे जायच्या शाखेची आखणीही बर्कले यांच्याच कारकिर्दीत झाली, आणि त्यामागे वऱ्हाडच्या कापसावर डोळा होता हे उघड आहे. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, आणि १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले होते.

भोर घाटाचे आकडे एकदा वाचून पाहा. घाटाची लांबी सुमारे १५ पूर्णांक ३ चतुर्थांश मैल, म्हणजे साधारण २५ किलोमीटर. एवढ्यात चढायची उंची १,८३१ फूट. सगळ्यात तीव्र चढ ३७ फुटांमागे १ फूट. बोगदे २५, कमानींचे मोठे पूल ८. एका ठिकाणी तर डोंगरात वळायला जागाच नव्हती. तिथे बर्कले यांनी उलटे स्टेशन ठेवले. गाडी एका तोंडाने स्टेशनात शिरायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचे, आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. इंग्रजी झेड अक्षर डोळ्यांपुढे आणा म्हणजे लक्षात येईल. अशी युक्ती थळ घाटातही केली. तो घाट ९ मैलांपेक्षा थोडा जास्त, उंची ९७२ फूट, बोगदे १३. गंमत म्हणजे चढ तोच, ३७ ला १. आजही विदर्भ एक्सप्रेसला कसाऱ्याला जास्तीची इंजिने लागतात ती याच आकड्यामुळे.

आराखडा कागदावर होता तोवर ठीक. जानेवारी १८५६ मध्ये भोर घाटाचे काम सुरू झाले आणि खरी कसोटी लागली. ठेकेदार होते तेच फॅव्हिएल. हजारोंनी मजूर लागले. १८६१ मध्ये कामावरच्या माणसांची संख्या ४२,००० पर्यंत गेली होती. आजच्या यवतमाळ शहरातला मोठा हिस्सा डोंगरावर जाऊन राहिला असे समजा. पुरुष सुरुंगाची भोके पाडत, बायका डोक्यावरून दगड-माती वाहत, आणि पोरेबाळे त्याच वस्तीवर. काही ठिकाणी कडा इतका सरळ होता की माणसांना दोराने खाली सोडून पहार चालवावी लागे. दारू उडवायची ती साधी काळी सुरुंगाची दारू. डायनामाइट अजून जगात यायचे होते. पाणी लांबून आणायचे, राहायला झावळ्यांच्या झोपड्या. कॉलरा आला की वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या व्हायच्या. या कामावर हजारो माणसे मेली. बहुतेक आजाराने, काही सुरुंगाने आणि कडे कोसळून. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत.

मजुरीची गोष्ट याहून वाईट. कंपनी पैसे देणार ठेकेदाराला, तो देणार पोटठेकेदाराला, तो मुकादमाला, आणि मुकादम मजुराला. प्रत्येक हातात थोडे चिकटायचे, आणि महिनोन्महिने थकायचे. जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा धीर सुटला आणि दंगल झाली. ठेकेदाराच्या गोऱ्या माणसांवर हल्ले झाले. सरकारला चौकशी करावी लागली आणि थकलेल्या मजुरीचा विषय सरकारी दप्तरात आला. पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, अशा कामांवरच्या मजुरीच्या तंट्यांचा निकाल मॅजिस्ट्रेटने तिथल्या तिथे लावावा असा कायदा झाला. त्याच कायद्यात काम अर्धवट टाकणाऱ्या मजुरालाच शिक्षेची तरतूद होती, हेही सांगायला हवे. एका हाताने दिले, दुसऱ्याने आवळले.

दंगलीनंतर फॅव्हिएल यांनी ठेका सोडला. काम अर्धे, ठेकेदार नाही, पावसाळा तोंडावर. नवा ठेकेदार मिळेपर्यंत कंपनीच्या इंजिनियरांनी, म्हणजे बर्कले यांच्याच माणसांनी, काम चालू ठेवले. मग इंग्लंडहून सॉलोमन ट्रेडवेल आले. ते आले आणि काही आठवड्यांतच, १८५९ साल संपायच्या आत, आजारी पडून वारले. त्यांच्या पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांनी ठेका सोडला नाही. अॅडमसन आणि क्लाउजर हे कंपनीकडचे दोन इंजिनियर व्यवस्थापक म्हणून घेतले आणि त्यांच्याकरवी घाट पुरा करून दिला. आपल्या महिला मंडळाने कधी या बाईंवर कार्यक्रम ठेवला तर मी पहिल्या रांगेत बसेन.

या धकाधकीत बर्कले यांचे रोजचे काम काय होते ते माझ्या दृष्टीने महत्त्वाचे. मोठमोठ्या कामांची उद्घाटने होतात, पण मधली दहा वर्षे कोणीतरी मोजमापे तपासत, बिले मंजूर करत, चुना नीट मळला की नाही ते पाहत, आणि वरिष्ठांना उशिराची कारणे लिहून कळवत बसलेला असतो. बर्कले यांनी ते अकरा वर्षे केले. एका वेळी ठाण्याची लाईन चालवायची, पुण्याची बांधायची, नाशिककडची आखायची, आणि लंडनला अहवाल पाठवायचे. १२ मे १८५६ रोजी गाडी खोपोलीपर्यंत गेली. १४ जून १८५८ रोजी घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे सुरू झाली. मध्ये घाट तेवढा राहिला. त्या काळातले पुण्याचे प्रवासी खोपोलीला उतरायचे, पालखीने किंवा बैलगाडीने घाट चढायचे, आणि वर पुन्हा रेल्वेत बसायचे.

एवढ्या व्यापातही त्यांनी मुंबईत इतर कामात भाग घेतला. कारागिरांना आणि तंत्रज्ञांना शिकता यावे म्हणून चालणाऱ्या बॉम्बे मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनचे ते अध्यक्ष होते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा पहिल्या फेलोंच्या यादीत बर्कले यांचे नाव होते. त्याच यादीत नाना शंकरशेट होते आणि डॉ. भाऊ दाजीही होते. १८६० मध्ये लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे जी.आय.पी.वर त्यांचा मोठा निबंध सादर झाला. आज त्या काळची माहिती आपल्याला मिळते ती बरीचशी अशा लिखाणातून. स्वतःच्या कामाचा हिशोब लिहून ठेवणारा माणूस मला नेहमीच जवळचा वाटतो.

पण शरीर किती साथ देणार? मुंबईची हवा, घाटातली वणवण, आजार. १८६१ मध्ये प्रकृती पार ढासळली म्हणून ते इंग्लंडला परतले. २५ ऑगस्ट १८६२ रोजी लंडनजवळ सिडनहॅम येथे त्यांचे निधन झाले. वय ४२ वर्षे. ४३ वे पूर्ण व्हायला दोन महिने बाकी होते.

पुढे आठ महिन्यांनी, २१ एप्रिल १८६३ रोजी, भोर घाटाचे उद्घाटन झाले. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर आले, भाषणे झाली. १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाट खुला झाला. १८६७ मध्ये वऱ्हाड ओलांडून गाडी नागपूरला पोचली. मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव, पुलगाव ही आपली ओळखीची स्टेशने या मार्गावरची. यातले काहीही बर्कले यांनी पाहिले नाही. ज्या घाटासाठी आयुष्य झिजवले त्या घाटातून त्यांना एकदाही गाडीने जाता आले नाही.

आता जमेच्या बाजूला जमा आणि खर्चाच्या बाजूला खर्च लिहायला हवा. जुलै १८६७ मध्ये भोर घाटातला कमानींचा एक मोठा पूल कोसळला. चौकशीत जी.आय.पी.च्या बऱ्याच पुलांचे दगडकाम कच्चे निघाले आणि कितीतरी पूल पुन्हा बांधावे लागले. घाईने आणि मधल्या हातांतून झालेल्या कामाची ही किंमत. मुख्य इंजिनियर म्हणून त्यातला काही वाटा बर्कले यांच्या नावावर टाकावाच लागेल. मजुरांच्या थकलेल्या पगाराचेही तसेच. ठेका दुसऱ्याचा होता खरा, पण काम त्यांच्या देखरेखीखालचे होते. ते राक्षस होते असे कोणी म्हणणार नाही, पण देवमाणूस म्हणून हार घालायचीही गरज नाही. त्यांची रेषा मात्र बरोबर होती. उलटे स्टेशन पुढे १९२९ च्या सुमारास नव्या बोगद्यांमुळे काढून टाकले गेले, दगडी पूल बदलले, वाफ जाऊन वीज आली. पण सह्याद्री चढायच्या त्यांनी निवडलेल्या दोन वाटा आजही त्याच आहेत. दीडशेहून अधिक वर्षे झाली, रोज लाखो माणसे त्यावरून जातात.

आणि एक गोष्ट मला फार आवडते. त्यांच्या स्मरणार्थ मुंबई विद्यापीठात इंजिनियरिंगच्या परीक्षेसाठी जेम्स बर्कले पदक ठेवण्यात आले. १८८३ मध्ये पुण्याच्या कॉलेजातून पहिला आलेल्या एका गरीब घरच्या तरुणाला ते मिळाले. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. ज्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, आपण अभियंता दिन साजरा करतो तेच हे. परदेशातून इंजिनियर आणायची गरज उरू नये, असे काम करून दाखवणारा माणूस बर्कले यांच्या नावाचे पदक घेऊन बाहेर पडला. दिलेले कर्ज असे फिटलेले बँकेत क्वचितच दिसते.

आपल्या जिल्ह्याचे काय, हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. नागपूरची लाईन आपल्या उत्तरेकडून गेली आणि आपण बाजूला राहिलो. तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव वणी होते, यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये आले. इथला कापूस बैलगाड्यांनी धामणगावला जायचा. १९०३ मध्ये मूर्तिजापूर-यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अडीच फुटी लाईन झाली, तीच आपली शकुंतला. मुख्य लाईनची रुंदी साडेपाच फूट, हिची अडीच. त्यामुळे दारव्हा-कारंज्यावरून गेलेली प्रत्येक गाठ मूर्तिजापूरला एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावी लागायची. गाठींच्या तारणावर कर्ज देणाऱ्या माझ्यासारख्याला यातली हमाली आणि नासधूस चांगली कळते. जी.आय.पी. सरकारने १९०० मध्ये विकत घेतली, पण शकुंतलेची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. वाफेचे इंजिन तिच्यावर १९९४ पर्यंत चालले, आणि आपल्यातल्या अनेकांनी त्याच्या कोळशाची कणी डोळ्यात घेतली आहे. आता वर्धा-यवतमाळ-नांदेड लाईन मोठ्या मापाची येते आहे. म्हणजे कसारा घाट चढून येणारा डबा एक दिवस न बदलता सरळ यवतमाळात उभा राहू शकेल. बर्कले यांनी आखलेल्या रेषेला आपले गाव तेव्हा खऱ्या अर्थाने जोडले जाईल.

आपल्या सोसायटीला २५ वर्षे झाली. भूखंड पाहायला फिरलेले, नोंदणीसाठी निबंधकाच्या कार्यालयात खेटे घातलेले, ले-आऊट मंजूर होईपर्यंत स्वतःच्या खिशातून खर्च केलेले काही प्रवर्तक सभासद हा सोहळा पाहायला आपल्यात नाहीत. त्यांचे फोटो या स्मरणिकेत येतील, ते योग्यच आहे. माझी समितीला एक विनंती आहे. ज्या गवंड्यांनी आपल्या भिंती उभ्या केल्या, ज्या बायकांनी डोक्यावरून घमेली वाहिली, ज्याने विहिरीचे काम केले, ज्याने नळ जोडले, आणि जो चौकीदार पहिल्या पावसाळ्यात पत्र्याखाली राहिला, त्यांची नावे जुन्या पावत्यांमध्ये आणि हजेरीपटावर अजून सापडतील. ती शोधून, तपासून स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर छापावीत. जुने दप्तर चाळायला मी तयार आहे. चष्म्याचा नंबर नुकताच बदलून घेतला आहे, आणि दुपारी दोन ते पाच मला काही काम नसते.